मुजावरांचं धाकटं अक्षर

गुलाब मुजावरांविषयी लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. सबबी तयार होत्या. छापखाना चालू होता तोवर वेळ नव्हता, मुलाने तो बंद करून जागा फ्लेक्सवाल्याला दिली तेव्हा उमेद नव्हती, आणि मुजावर जिवंत होते तोवर, खरं सांगायचं तर, भीती होती. गेल्या वर्षी ते मिरजेत वारले. आता भीतीचंही निमित्त उरलं नाही.

माझं वय अठ्ठ्याहत्तर. सांगलीत चाळीस वर्षं छापखाना चालवला. त्यातली तीस-पस्तीस वर्षं हा माणूस माझ्याकडे होता, आणि शेवटी त्याच्याविषयी मी चारचौघांत एक खोटं बोललो. लोक ते अजून खरं धरून चालतात. ते दुरुस्त करायचं तर आधी माणूस कसा होता ते सांगायला हवं.

लग्नाला जायचं की नाही हे मुजावर पत्रिकेचं अक्षर बघून ठरवत. पत्रिका हातात आली की नावं, तारीख, मुहूर्त काही वाचत नसत. ती हातभर लांब धरायचे, एक डोळा मिटायचे आणि कडू दोडका चावल्यासारखं तोंड करायचे. मग निकाल. "ह्या लग्नाला मी न्हाई. ह्या अक्षराखाली बसून घास उतरायचा न्हाई मला." सख्ख्या मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नाला ते असेच गेले नाहीत. मेव्हणा छापखान्यात भांडायला आला. मुजावरांनी त्याच्यापुढे त्याचीच पत्रिका धरली.

"ह्यो 'ळ' बघ. कुनीतरी पाय दिल्यागत झालाय. आनी ह्येच्यात तू पोरीचं नाव छापलंस."

"दुल्हेभाई, अक्षर कोण बघतंय?"

"कोण न्हाई बघत. म्हणून तर तुझ्यासारख्यांचं चालतंय."

मेव्हणा चहा न घेता गेला. मुजावरांनी त्याचाही कप पिऊन टाकला.

तिरस्कार करण्यात त्यांचा हात धरणारं माणूस मी पाहिलं नाही. उंच, वाळलेला देह, पांढरा सदरा, खिशात टोक काढलेली कडक पेन्सिल आणि कागदात गुंडाळलेला ब्लेडचा तुकडा. स्टँडवरून छापखान्यात येईपर्यंत वाटेतल्या पाट्या वाचत यायचे आणि दारातच उलटी झाल्यासारखं सगळं बाहेर टाकायचे. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर अक्षराला सावली, सावलीला पुन्हा सावली आणि कडेने पिवळी किनार बघितली की म्हणायचे, "अक्षर हाय का बेंदराचा बैल? नुसतं सजीवलंय. वडायला लावा, मग कळंल." एका शाळेच्या प्रशस्तिपत्रावर म्हणाले, "पाचट हाय निव्वळ. काडी लावा." मलाही सोडलं नाही. "मालक, तुमी मास्तर झाला न्हाईसा ते बरं झालं. पोरांचं अक्षर नासलं असतं. हितं निदान कागूदच नासतोय."

मी हसायचो. ते मला मालक म्हणायचे खरे, पण त्या शब्दात मालकी कधी ऐकू आली नाही.

एका गोष्टीपुढे मात्र त्यांची जीभ थांबायची. आमच्याकडे एक लाकडी कपाट होतं. बंद पडलेल्या एका मिशनच्या छापखान्यातून माझ्या वडिलांनी आणलेलं. त्यात शिशाचे इंग्रजी खिळे, म्हणजे छपाईची एकेक सुटी अक्षरं होती, दोन-अडीचशे वर्षांपूर्वी युरोपात निघालेल्या धाटणीचे. आम्ही त्याला जाडबारीक म्हणायचो. उभी रेघ मेढीसारखी जाड आणि आडवी रेघ केसासारखी बारीक. जाडातून बारकात जाताना मध्ये उतार नाही, एकदम तुटक. अक्षराच्या पायाशी आणि डोक्याशी तशीच केसाएवढी सपाट पट्टी. कागदावर छापलं की ते अक्षर ताठ उभं राहायचं, आणि काळ्यापांढऱ्याचा असा काही झगमगाट व्हायचा की इंग्रजी न येणाऱ्यालाही क्षणभर बघावंसं वाटे. मुजावरांना इंग्रजी येत नव्हतं. कपाटाचा खण उघडून ते एखादा खिळा बोटावर घेऊन नुसते बघत बसायचे.

त्या टाईपात आम्ही हळदीच्या व्यापाऱ्यांची पत्रं छापली, डॉक्टरांची कार्डं छापली, कॉलेजची प्रमाणपत्रं छापली, आणि मुलगा परदेशी असलेल्या घरांच्या इंग्रजी पत्रिका तर गठ्ठ्याने छापल्या. गिऱ्हाईक बोट दाखवून म्हणायचं, "ते रॉयल लावा." ते गेल्यावर मुजावर म्हणायचे, "रॉयल म्हणं. बंगल्याला गिलावा न्हाई अजून."

शिशाचं काम संपलं, ऑफसेट आलं, खिळे जुळवणारी माणसं घरी बसली. मुजावरांना मी अक्षरं काढायला ठेवून घेतलं. तेव्हा त्यांनी मनातलं काम हातात घेतलं: तसलंच जाडबारीक आपल्या मराठीत आणायचं. आपलं अक्षर बोरूने घडलेलं. बोरूचं टोक तिरकं, म्हणून जाडी आणि बारकी तिरकी पडते. ती सगळी सरळ करायची, दांडा जाड ठेवायचा, आणि गाठी, वळणं, जोड केसासारखे करायचे. सर्वांत धाडस शिरोरेघेचं. आपल्याकडे शिरोरेघ म्हणजे घराचं आढं. मुजावरांनी तीच केसाएवढी केली. चार वर्षं ते ट्रेसिंगच्या कागदावर शाईने काढत आणि ब्लेडने खरवडत होते. पुरं झालं तेव्हा सगळ्या अक्षरांना एका केसावर टांगल्यासारखं दिसलं, आणि तरी एकही अक्षर पडेल असं वाटत नव्हतं.

पहिल्यांदा ते सांगलीतल्या एका साड्यांच्या दुकानावर लागलं. माणसं थांबून पाटी बघत. मी पुण्याच्या एका ओळखीच्या मुलाकडून ती अक्षरं संगणकात चढवून घेतली. मग काय, कराडच्या ब्युटी पार्लरवर, साताऱ्यात कंदी पेढ्यांच्या खोक्यावर, तासगावच्या दातांच्या दवाखान्यावर, सगळीकडे तेच. त्यावर कुठे मुजावरांचं नाव नव्हतं. मी घालू शकलो असतो. संगणकात त्याला नाव द्यायची वेळ आली तेव्हा मी 'रॉयल' असं टाइप केलं. त्यांना ते दिसलं तेव्हा एवढंच म्हणाले, "वा. बारसं केलासा."

आता ज्या गोष्टीवरून पुढचं सगळं झालं ती सांगतो. एक दिवस मुजावरांनी कपाटातला एकच इंग्रजी अक्षराचा खिळा दोन मापांत काढला, एक मोठ्या मथळ्याचा आणि एक बारीक मजकुराचा. दोन्ही शाई लावून कागदावर उठवले. बारक्याचा ठसा फोटो स्टुडिओतून मोठ्याएवढा वाढवून आणला आणि दोन्ही माझ्या टेबलावर शेजारी ठेवले.

"काय दिसतंय?"

"एकच अक्षर आहे की."

"नीट बघा, मालक."

नीट बघितलं. एकच नव्हतं. बारक्याची केसरेघ बरीच जाड होती. अक्षर बुटकं, रुंद, पोट मोकळं. वाढवून बघितल्यावर तर बोजड दिसत होतं, गावठी.

"कारागिराला ठावं व्हतं," मुजावर म्हणाले. "आधीच बारीक रेघ. ती आनी बारीक केली तर शाई बी धरत न्हाई अन् डोळा बी धरत न्हाई. म्हणून त्यानं बारकं येगळं कोरलं. बाप आक्रसला म्हणून त्येचं पोरगं हुतं व्हय? पोराचं डोस्कं मोठं, हात आखूड, गाल भरल्यालं. पोरगं येगळंच घडवावं लागतंय."

म्हणून आपल्या अक्षराचेही त्यांनी दोन संच ठरवले. मथळ्याचं ते थोरलं, मजकुराचं ते धाकटं. थोरलं पाटीसाठी, धाकटं जवळून वाचायच्या बारीक कामासाठी. थोरलं बारीक करून वापरायचं नाही, हा त्यांचा एकच नियम. मी मान हलवली. संगणकात मात्र थोरलंच होतं. धाकटं ते लागेल तसं हाताने काढून देत.

आठ-नऊ वर्षांपूर्वी कोरेगाव तालुक्यातल्या एका गावचे निवृत्त सुभेदार माझ्याकडे आले. त्यांच्या गावात घरटी माणूस पलटणीत. पहिल्या महायुद्धापासून आजवर गावचे एकेचाळीस जवान कामी आले होते, त्यांची नावं काळ्या ग्रॅनाइटवर कोरून स्मारक करायचं होतं. सुभेदारांनी पेढ्यांच्या खोक्यावरचं अक्षर पाहिलं होतं. "हेच पायजे," म्हणाले. "कसं सावधानमध्ये उभं राहिल्यागत वाटतंय."

मुजावर कधी गिऱ्हाइकासाठी खुर्चीतून उठत नसत. त्या दिवशी उठले.

त्यानंतर ते स्वतः त्या गावाला दोनदा जाऊन आले. तिथे हौसाबाई म्हणून एक बाई होत्या. एकाहत्तरच्या लढाईत नवरा गेला, तेव्हा लग्नाला दोन वर्षं झालेली. हौसाबाईंना वाचता येत नव्हतं, आणि जुन्या वळणाच्या बायका घेत नाहीत तसं नवऱ्याचं नाव त्यांनी कधी तोंडाने घेतलं नव्हतं. पलटणीतून परत आलेल्या पत्र्याच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात, मराठीत नवऱ्याचं नाव रंगवलेलं होतं. "म्या नाव घेत न्हाई त्येंचं," त्या मुजावरांना म्हणाल्या. "बघते." चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्या ते नाव बघत आल्या होत्या.

मुजावर त्यांना म्हणाले, "ट्रंकंवरचं वळखता, तर दगडावरचं बी वळखशीला. त्येची जबाबदारी माझी."

हे त्यांनी मला परत आल्यावर सांगितलं. आपण कुणाला शब्द दिला असं सांगताना मी त्यांना त्या एकाच वेळी ऐकलं.

पंधरा दिवसांनी त्यांनी पाकीट आणून दिलं. वरचा मथळा थोरल्यात. एकेचाळीस नावं, प्रत्येकाचा हुद्दा आणि पलटण धाकट्यात, एकेक ओळ हाताने काढलेली. दगड एकच, मजकूर फार, म्हणून नावांचं अक्षर बोटाच्या पेराएवढंही नव्हतं. पाकिटावर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'नावं धाकट्यात. बदल करू नये.'

मी ते कागद संगणकात घेतले आणि पडद्यावर मोठे करून बघितले. वितभर उंचीचं एकेक अक्षर. बोजड दिसलं, गाल फुगलेलं, शिरोरेघ दोरखंडासारखी. माझ्या मनात आलं, म्हाताऱ्याचा हात गेला. सांगलीच्या पाटीवरचं ते झगझगीत अक्षर कुठे आणि हे कुठे! ज्या माणसाने खास टेबलावर दोन ठसे ठेवून मला हेच शिकवलं होतं, त्याचंच काम मी नको तेवढं वाढवून बघितलं आणि त्याला नापास केलं. संगणकात थोरलं तयारच होतं. मी एकेचाळीस नावं त्यात टाइप केली, बारीक केली, चौकटीत बसवली. पडद्यावर देखणी दिसली. दुपारभरात काम उरकलं आणि कराडच्या दगडवाल्याला पाठवून दिलं. मुजावरांना सांगितलं नाही. ते वाद घालतील आणि वादात जिंकतील हे मला माहीत होतं.

दगडवाला वाळूचा मारा करून अक्षर कोरतो. दगडावर रबर चिकटवतात, त्यात अक्षरं कापतात, आणि जोराने वाळू सोडतात. रबर कापलेलं असेल तिथे दगड खणला जातो. केसाएवढ्या फटीतून वाळू जात नाही. हे त्याला कळायला हवं होतं. पुढे मी त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, "मला वाटलं डिझाईनच असंल तसलं." आमच्या धंद्यात हे एक वाक्य सगळ्यांची पापं धुतं. दगड उद्घाटनाच्या आदल्या दिवशी परस्पर गावाला गेला, गवंड्याने बसवला, वर पडदा टाकला. त्यानेही काही विचारलं नाही.

उद्घाटनाला मंडप होता, बँड होता, मंत्री होते. मुजावर पहिल्या रांगेत बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून. अक्षरकार म्हणून त्यांचा शाल-नारळ देऊन सत्कार होता. पत्रिकेत नाव छापलेलं होतं. त्या पत्रिकेचं अक्षरही त्यांनीच काढलेलं, म्हणून लग्नाला नकार देणारा माणूस या समारंभाला तासभर आधी पोचला होता.

पडदा सरला. वरचा मथळा ताठ, सोनेरी, लखलखीत. टाळ्या पडल्या. स्टेजवरून खालची नावं म्हणजे सोनेरी ठिपक्यांची नक्षी दिसत होती. भाषणं झाली, मंत्री दुसऱ्या कार्यक्रमाला निघून गेले. मग घरोघरच्या बायका एकेक फूल घेऊन दगडापाशी गेल्या.

हौसाबाई दगडापुढे उभ्या राहिल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांची नजर गेली, परत आली. मग त्यांनी हाक मारली, "आवं सुभेदार, आमच्या ह्यांचं कुठलं?"

सुभेदारांनी चष्मा लावला. मीही पुढे गेलो, आणि तेव्हा मी तो दगड पहिल्यांदा जवळून बघितला. नावं नव्हती. नुसते दांडे उभे होते. शिरोरेघा गेलेल्या, वळणं गेलेली, जोड गेलेले. शेतातला ऊस तोडून नेल्यावर बुडखे राहतात तसे ओळीने सोनेरी बुडखे, एकेचाळीस ओळी.

सुभेदारांनी खिशातली यादी काढली आणि बोटाने ओळी मोजायला सुरुवात केली. "सव्वीस, सत्तावीस... ही असंल बगा, हौसाक्का."

"असंल म्हंजी?"

सुभेदारांनी पुन्हा यादीत बघितलं.

"असंल म्हंजी काय, सुभेदार? हाय का न्हाई?"

हौसाबाईंनी हातातलं फूल कुठेच ठेवलं नाही. मागे सरकल्या आणि खुर्चीवर जाऊन बसल्या, फूल तसंच मुठीत.

बाकीच्या बायकाही आता आपापलं नाव शोधत होत्या. गलका वाढला. सुभेदार वळले. पलटणीत आवाज कसा चढत असेल ते मला तेव्हा कळलं. "अक्षर कुणी काढलं ह्ये?"

विचारलं मला होतं. 'अक्षर त्यांचं आहे, पण त्यांनी दिलेलं मी लावलं नाही,' एवढंच सांगायचं होतं. मी म्हणालो, "मुजावरांनी." तेवढ्यावर थांबलो असतो तरी ते अर्धं खरं राहिलं असतं. पुढे म्हणालो, "वय झालंय त्यांचं. नजर पहिल्यासारखी राहिली नाही. माझंच चुकलं, मी त्यांच्यावर सोपवायला नको होतं."

या शेवटच्या वाक्याची मला सर्वांत जास्त किळस येते. चूक कबूल केल्याचा आव आणून मी ती दुसऱ्याच्या अंगावर टाकली होती, आणि लोकांना मी मोठ्या मनाचा वाटलो.

मुजावर उठून दगडापाशी आले. लोकांनी वाट दिली. त्यांनी अंगठ्याचं नख एका दांड्याच्या कडेने फिरवलं, जिथे रेघ असायला हवी होती तिथे थांबले, आणि माझ्याकडे बघितलं. हळू आवाजात म्हणाले, "थोरलं लावलंय." त्या सगळ्या मंडपात याचा अर्थ कळणारा मी एकटा होतो.

"काय म्हनतोय ह्यो?" सुभेदारांनी विचारलं.

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

मुजावरांनी थोडा वेळ दिला मला. आज वाटतं, मोजून दिला. मग सुभेदारांकडे वळून म्हणाले, "अक्षर माझंच हाय, सायेब. ते मी नाकारत न्हाई." आणि हौसाबाई बसल्या होत्या तिथे जाऊन त्यांच्यापुढे उभे राहिले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. बाईंनी मान वर केली नाही.

शाल-नारळ टेबलावर तसाच राहिला.

परत येताना जीपमध्ये आम्ही दोघंच मागे होतो. कराड येईपर्यंत ते रस्त्याकडे बघत होते. कराडच्या पुलावर म्हणाले, "नजर गेली म्हनलासा माझी."

मी म्हणालो, "गुलाबभाई, तिथं वेळच तशी—"

"बरं केलासा. आता तुमच्याकडं बघाय नगं."

सांगलीत उतरून ते मिरजेच्या बसकडे चालते झाले. त्यानंतर छापखान्यात आले नाहीत. खिशातली पेन्सिल आणि ब्लेड सोडता त्यांचं तिथे काही नव्हतंच, त्यामुळे काही न्यायलाही यावं लागलं नाही.

दगडाचा फोटो सगळ्या जिल्ह्यात फिरला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'आंधळ्याचं अक्षर'. ज्यांना अक्षर म्हणजे काय हे आयुष्यात कधी कळलं नव्हतं, ते एकमेकांना फोटो दाखवून हसत होते. त्यांना हसायला तो दगड मीच पुरवला होता. मिरजेतल्या एका दर्ग्याच्या कमानीचं काम मुजावरांकडे ठरलं होतं, ते दुसऱ्याला गेलं. एका शाळेने घरी येऊन कागद परत नेले. साडीवाल्याने पाटी काढून झगमगती एलईडी लावायचं ठरवलं आणि मला म्हणाला, "ते म्हाताऱ्याचं नको आता, लोक नावं ठेवतात." ज्या पाटीपुढे माणसं थांबत होती तीच ही. मी त्याला एलईडीच्या कंपनीचा पत्ता दिला.

स्मारकाचा दगड दोन महिन्यांत बदलला. मी संगणकातलं साधं, सगळीकडे दिसतं ते अक्षर लावून दिलं. नावं वाचता आली, हौसाबाईंनी फूल ठेवलं असं सुभेदारांनी फोनवर कळवलं. माझे आभारही मानले. सगळ्यांचं निभावलं, एक मुजावर सोडून, आणि सगळ्यांचं निभावल्यामुळे पुन्हा कुणी काही विचारलं नाही. मुजावरांचं पाकीट माझ्या खणात होतं. त्यांची पेन्सिलीची सूचना त्यावर होती. सुभेदारांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. एका संध्याकाळी तर मी त्या धाकट्या अक्षराच्या ओळी दगडावर जेवढ्या लहान हव्या होत्या तेवढ्याच मापात छापून बघितल्या. प्रत्येक नाव हातभर अंतरावरून स्वच्छ वाचता येत होतं. बोजडपणा कुठे गेला कळलं नाही. तरी मी फोन केला नाही. छापखान्याचं नाव जाईल, मुलाचं लग्न ठरायचंय, आता उकरून काय उपयोग, अशी कारणं मी स्वतःला देत राहिलो. माझ्यासारखी माणसं कारणांच्या बाबतीत फार कष्टाळू असतात.

चार वर्षांनी मी मिरजेला गेलो. त्यांच्या बायकोची तब्येत बरी नाही असं कानावर आलं होतं, ते निमित्त केलं. सांगली-मिरज बसमध्ये एक वाक्य मनात घोळवत गेलो. गुलाबभाई, तुम्ही धाकटं दिलं होतं, मी थोरलं लावलं, आणि तुमच्या नजरेविषयी बोललो ते खोटं होतं. सुभेदारांच्या गावी जाऊन मी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे, तुम्ही बरोबर चला. वाक्य लांब होतं, पण पाठ झालं होतं.

मुजावर दारातल्या उजेडात बसले होते. आत त्यांची बायको वाकळ शिवत होती आणि ते तिला एकामागून एक सुया ओवून देत होते. ऐंशीच्या घरातला माणूस, चष्मा नाही. दोरा जिभेला लावायचा, सुई हातभर लांब धरायची, आणि एका झटक्यात आरपार. मी उंबऱ्याशी उभा राहून तीन सुया ओवलेल्या बघितल्या.

"या मालक," ते मान वर न करता म्हणाले. "पावलांवरनं वळखलं. बघायचं सोडलंय न्हवं मी."

आतून हसण्याचा आवाज आला. मी बसलो. वहिनींनी शिवण बाजूला ठेवून चहा टाकला. मी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली. छापखाना बंद करतोय म्हणून सांगितलं. मुजावर म्हणाले, "बरं हुईल. कागदाला जरा इसावा." आम्ही दोघं हसलो, आणि त्या हसण्यात ते वाक्य सहज सांगता आलं असतं. मी बशीत चहा ओतला.

मग मुजावरांनी हातातली सुई वाकळीत खोचली आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. ते माझ्या तोंडाकडे असे बघत होते, की मी काहीतरी बोलायला आलोय हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते ऐकायला त्यांची तयारी होती.

"कशाला आला हुतासा?"

"सहज."

"सहज?"

मी कप खाली ठेवला. वाक्याचा पहिला शब्द तोंडात आला होता, गुलाबभाई. तेवढा मी उच्चारलाही.

"बोला की," ते म्हणाले.

"काही नाही," मी म्हणालो. "वहिनींना बरं नाही कळलं, म्हणून आलो होतो."